न वापरलेलं साहित्य

ग्रिम्सबी, मार्च. खिडकीबाहेर गोदीवर धुकं.
टेबलावर पारदर्शक पिशवीत एक फोन,
काचेला कोपऱ्यात तडा,
पाठीवर बदकाचा स्टिकर, अर्धा सोललेला.

ब्रायनी थर्केटल, वय सव्वीस.
संमतीच्या कागदावर पेन टेकवून
तिनं विचारलं होतं, "सगळं वाचणार?"
मी म्हणाले, लागेल तेवढंच.
अकरा वर्षं हेच म्हणतेय मी.
पण लागेल ते कुठलं
हे वाचल्याशिवाय कळायचं कसं,
आणि वाचून झालेलं
न वाचलेलं करायचं कसं?

तीन नोव्हेंबर ते एकोणीस नोव्हेंबर.
एवढीच फट उघडायची, असं ठरलं.
फटीतून घर दिसतंच की.
विजेच्या मीटरसाठी उसने मागितलेले दहा पौंड,
डॉक्टरला पाठवायचा पुरळाचा फोटो,
आणि एका टिपणात, रोज एक ओळ:
आज आईनं मला नर्स म्हटलं.
आज मावशी.
आज कोणीच नाही.
आज परत नर्स.

मी ते टिपण बंद केलं.
मग उघडलं.
मग बंद केलं.

रीस ब्लँचर्ड हलच्या तुरुंगात, खटल्याची वाट बघत.
त्याची आई दर सोमवारी फोन करते,
"पाहिलात का तिचा फोन? तो सांगतोय, त्यात आहे."
आहे.
नऊ तारीख, सकाळी सहा चाळीस, ब्रायनीकडून रीसला:
"जाकीट तुझ्याकडेच राहिलं. मजा आली काल."
पुढे एक हसरा पिवळा चेहरा.

भीतीसुद्धा असं हसते, हे मला माहीत आहे.
माझं माहीत असणं पुरावा नव्हे.
तो बाकी सगळ्यात खोटा असेलही,
या एका ओळीपुरता खरा निघाला.
ती ओळ यादीत गेली, क्रमांक एकोणतीस.
न्यायालयात कोणीतरी ती सावकाश वाचेल,
पाण्याचा घोट घेऊन पुन्हा एकदा वाचेल,
आणि तिला त्या हसण्याचा अर्थ विचारेल.

चार वर्षांपूर्वी एक फोल्डर मी उघडलं नव्हतं.
तो माणूस पाच महिने आत होता.
सुटल्यावर शिवी दिली नाही त्यानं,
फक्त माझं नाव विचारलं,
आणि स्पेलिंग.

त्याच सकाळी, सहा बावन्नला, ब्रायनीकडून बहिणीला:
"ऑक्टोबरात सांगितलं होतं ना, तसंच झालं परत."
ऑक्टोबर माझ्या फटीत नाही.
तिथं कदाचित तिची बाजू आहे,
कदाचित त्याची,
कदाचित भलत्याच कुणाचं नाव.
न विचारता एक बोट सरकवलं तर कळेल.
बोट हातमोज्यात होतं. तिथंच ठेवलं.

संध्याकाळी तिच्या दाराशी गेले.
आत टीव्ही मोठ्यानं, कुणी म्हातारं त्याच्याशी भांडतंय.
मी म्हणाले, आणखी एक महिना हवाय.
का हवाय ते सांगितलं,
आणि नाही म्हणता येतं, हेही.
नाही म्हटलं तर काय होऊ शकतं,
तेही सांगावं लागलं. मग ते नाही
कितपत उरतं, देव जाणे.

बराच वेळ ती दाराची कडी चाळवत राहिली.
शेवटी सही केली, भिंतीवर कागद टेकवून,
त्यामुळे अक्षर खडबडीत आलं.

मग विचारलं,
"आईचं ते... वाचलंत का तुम्ही?"

आतून हाक आली, "नर्स!"

मी म्हणाले, नाही.

गाडीत बसून वही काढली,
तारीख घातली, वेळ घातली, सही मिळाली असं लिहिलं.
प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची, असा नियम आहे.
त्या "नाही"ला मी क्रमांक दिला नाही.
वायपर चालू करून बसले,
पाऊस नव्हता.